पांढऱ्यावर पांढरं

नागपूरच्या मंगळवारी बाजारात कळमेश्वरकडून येणारी एक भाजीवाली आहे. वयानं माझ्याएवढीच असेल, पण मी तिला मावशी म्हणते आणि ती मला ताई. बाजारातली नाती वयावर ठरत नाहीत. तराजू कोणाच्या हातात आणि थैली कोणाच्या, त्यावर ठरतात. जानेवारीतली गोष्ट. तिच्यासमोर वाटाण्याच्या शेंगांचा ढीग होता, आणि त्यातल्या दोन-चार शेंगांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग. मी एक शेंग उचलली, नखानं डाग खरवडला आणि सवयीनंच विचारलं, ‘मावशी, औषध तं नाही ना मारलं यावर?’ या प्रश्नाचं उत्तर सगळे ‘नाही’ असंच देतात, आपण ते खरं मानल्यासारखं करतो आणि पैसे देतो. हा एक सभ्य करार आहे. मावशीनं तो मोडला. ‘मारलं ना,’ ती म्हणाली. ‘भुरी आली होती. गंधक मारलं. तुमच्या पोरीले ताप आला तं तुम्ही औषध देतच असान ना? मंग वाटाण्याले काऊन नाही द्यायचं?’ शेजारची सांबारवाली, म्हणजे कोथिंबीरवाली, हसली. मी पण हसले, अर्धा किलो शेंगा घेतल्या आणि सदर भागातल्या गर्दीतून गाडी काढत घरी आले. शेंगा सोलताना मात्र ते वाक्य बोटाला चिकटून राहिलं. तो डाग भुरीचा, म्हणजे पिठासारख्या पसरणाऱ्या बुरशीचा, होता की तिनं मारलेल्या गंधकाचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

पांढरं ओळखण्यात मी तशी कच्चीच. आम्ही झिंगाबाई टाकळीला राहतो, आणि गच्चीवर निळे ड्रम अर्धे कापून त्यात माझी शेती चालते. लवकी म्हणजे दुधी, दोडका, कोहळं, काकडी, एका कोपऱ्यात पोपटीच्या शेंगांचा वेल, दोन मिरच्या. वाटाण्याच्या त्या प्रकारानंतर आठ-दहा दिवसांनी लवकीच्या खालच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले. मी लगेच उत्तरेकडच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांना शिव्या घातल्या. या भागात राहणाऱ्या माणसाला पांढरं काही दिसलं की आधी राखच आठवते. वाळत घातलेल्या चादरीपासून गाडीच्या काचेपर्यंत. ओल्या फडक्यानं पानं पुसली. दोन दिवसांनी पुन्हा तेच, त्याच जागी, तेवढ्याच गोल आकारात, फक्त थोडं मोठं. राख एवढी नेमानं उडून बसत नाही. तरी मी आणखी एकदा पुसून पाहिलं. चूक धुराड्यांची नाही हे मान्य करायला मन सहजी तयार होईना.

राखेचा संशय यायला आणखी एक कारण होतं. माझं आजोळ काटोलच्या अलीकडे. कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, कौलांवर आजीनं कोहळ्याचा आणि दोडक्याचा वेल चढवलेला असायचा. थंडीत भल्या सकाळी, पानांवर दव असतानाच, ती चुलीतली राख फुटक्या टोपल्यात घेऊन यायची आणि मूठ मूठ भरून वेलावर फेकायची. ती दवाला चिकटून बसायची. ऊन वर आलं की सगळा वेल पांढरा, आणि आजीच्या केसांवरही राख, फक्त तिथं ती दिसायची नाही. माघ अर्धा सरला की वेलावरचं पांढरं राखेशिवायही वाढत जायचं, पानं कडेनं वाळून कागदासारखी वाजायची. तेव्हा आजी त्याला रोग म्हणायची नाही. ‘वेल म्हातारा झाला’ म्हणायची, आणि एका सकाळी कोयत्यानं बुडातून तोडून टाकायची. आज कळतं की ती भुरी असणार. जुन्या, खालच्या, सावलीतल्या पानांवर ती आधी येते, म्हणजे म्हातारपणासारखीच येते. आजी पांढऱ्यावर पांढरं टाकत होती, आणि खालचं पांढरं वरच्याखाली झाकलं जात होतं. राखेनं भुरी कमी व्हायची की नुसती दिसायची नाही, हे तिला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तिनं माझ्या हातात टोपलंच दिलं असतं.

मावशीचा शब्द मात्र ‘औषध’.

हा शब्द आमच्याकडे फार कामं करतो. तापाचं औषध, उंदराचं औषध, कपाशीवर मारायचं औषध. दुकानाच्या पाटीवरही तेच, शेतकऱ्याच्या तोंडीही तेच. आणि ‘त्यानं औषध घेतलं’ नि ‘त्यानं औषध पिलं’ या दोन वाक्यांत विदर्भात केवढं अंतर आहे, ते इथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं गेली. ते औषध त्यांनी पिलंही नव्हतं, नाकातोंडातून आणि कातडीतून आत गेलं. त्या दिवसांत आमच्या घरी पेपर आला की मी तो उलटा करून ठेवायची. गंधक त्या जातीचं नाही, सेंद्रिय शेतीतही ते चालतं, हे मला नंतर कळलं. पण बाजारात प्रश्न विचारताना माझ्या डोक्यात हे सगळं एकाच डब्यात भरलेलं होतं, आणि मावशीच्या डोक्यात ते वेगवेगळ्या बाटल्यांत होतं. तिला तिचं गंधक माहीत होतं. मला फक्त माझी भीती माहीत होती.

तर लवकीला भुरी आली आणि मी, अर्थातच, औषध मारायचं नाही असं ठरवलं. तेल आणलं. कडुनिंबाचं, अर्ध्या लिटरची बाटली, वर हिरवं पान आणि ‘आजीबाईच्या बटव्यातून’ अशा अर्थाचं काहीतरी सोनेरी अक्षरांत. माझी आजी मला चांगली आठवते. तिच्या कोठ्यात खुंटीला तेलाची बाटली लटकलेली असायची, पण ती करंजाची. जुवाने बैलाच्या खांद्याला सूज आली किंवा कातडी सोलली की त्यावर ते तेल लागायचं. कधी दिव्यात जायचं, तेव्हा घरभर तो कडवट, मातकट वास. दुसऱ्या एका डब्यात टोळीचं तेल, मोहाच्या बियांचं, थंडीत थिजून तुपासारखं व्हायचं. ते टाचांच्या भेगांना. जवसाचं तेल फोडणीला, आणि उरलंसुरलं दाराच्या फळ्यांना, कारण ते वाळून पापुद्रा धरतं. एवढी तेलं घरात, पण त्यातलं एक थेंबही आजीनं कधी वेलाच्या पानाला लावलेलं मी पाहिलं नाही. पानाला राख. त्यामुळे आजीच्या नावावर खपणारी ही बाटली मला जरा खटकली. पण घेतली. आपल्याला आजीची आठवण विकत घ्यायला आवडतं, तिच्या हातात नसलेल्या बाटलीतली का असेना.

पुढचं सांगायला लाज वाटते. बाटलीवर ‘एक लिटर पाण्याला पाच मिली’ एवढं लिहिलेलं होतं. मी फवाऱ्याच्या डब्यात पाणी भरलं, वरून तेल ओतलं, पाच मिली फारच थोडं वाटलं म्हणून दुप्पट ओतलं, झाकण लावून हलवलं आणि सुरू केलं. तेल पाण्यात मिसळत नाही हे शाळेत शिकवतात. मीही शिकलेली आहे. फवाऱ्याची नळी डब्याच्या तळाशी असते, तेल वर तरंगतं. म्हणजे पहिल्या तीन ड्रमांना मी नुसतं पाणी मारलं, आणि शेवटच्या ड्रमातल्या काकडीला उरलेलं निव्वळ तेल. त्यात आणखी एक भर. त्याच्या चारच दिवस आधी, मावशीचं वाक्य डोक्यात घोळत असल्यानं, मी गुपचूप थोडं गंधकही मारून पाहिलं होतं. आणि वेळ कोणती, तर फेब्रुवारीची अखेर, दुपारचा एक, म्हणजे नागपूरच्या हिशेबानं उन्हाळाच. संध्याकाळी वर गेले तर काकडीची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. दुसऱ्या दिवशी कडा तपकिरी, तिसऱ्या दिवशी कुरकुरीत. भुरीनं महिन्याभरात जे केलं नसतं ते मी एका दुपारी केलं. घरचे म्हणाले, ‘नैसर्गिक होतं ना?’ त्यावर मी काही बोलले नाही. तेलाच्या पातळ थरानं पानाचं श्वास घेणं आधीच अवघड होतं, वर ऊन बत्तीसच्या पुढे गेलं की ते भाजतं, आणि गंधकानंतर दोन आठवडे तरी तेल मारायचंच नसतं. दोघं मिळून पान जाळतात. हे सगळं नंतर कळलं.

कळवलं दिरांच्या मुलानं. तो कृषीचा विद्यार्थी, महाराजबागेच्या बाजूच्या कॉलेजात. रविवारी सावजीचं मटण खायला येतो आणि जाताना माझ्या गच्चीवर शेरे मारतो. त्यानं मोबाईलच्या कॅमेऱ्याला लावायचं एक छोटंसं भिंग आणलं होतं. लवकीचं पान त्याखाली धरलं आणि पडदा माझ्यासमोर केला. मला वाटलं होतं पीठ दिसेल. दिसलं ते वेगळंच. काचेचं बारीक गवत उगवल्यासारखं, आणि त्या गवताच्या प्रत्येक पात्यावर मण्यांची माळ उभी. पाच-सहा मणी, एकावर एक. वाऱ्याची झुळूक आली की वरचा मणी सुटतो आणि दुसऱ्या पानावर जाऊन बसतो. इतकं सुंदर होतं की मला वाईट वाटलं. ‘काकू, हे सगळं वरवर असतं,’ तो म्हणाला. ‘बुरशी पानाच्या वर पसरते, आत फक्त वरच्या थरात छोट्या नळ्या घुसवून रस पिते. म्हणून तेल तिच्यापर्यंत पोचतं.’ आणि मी पानावर पाणी पडू नये म्हणून महिनाभर जी काळजी घेत होते ती फुकट होती. बाकीच्या बहुतेक बुरशींना रुजायला पानावर ओल लागते, हिला नाही. उलट पानावर पाणी साचलं तर हिचे मणी फुटतात, नीट रुजत नाहीत. कोरडा दिवस, गार रात्र, दाटीवाटी आणि सावली, एवढं हिला पुरतं. म्हणजे नागपूरची थंडी. आपल्याला जी हवा सुखाची वाटते, संत्री सोलत गच्चीवर बसायची, तीच.

मग त्यानं मला तेल कालवायला शिकवलं, आणि हा भाग मला मनापासून आवडतो. तेल थंडीत बाटलीत थिजतं, म्हणून आधी बाटली कोमट पाण्यात उभी करायची. वाटीत पाच मिली तेल, त्यात रिठ्याचं दाट पाणी किंवा भांड्याच्या साबणाचे थेंब, आणि बोटानं फेटायचं. पाणी अजून नाही. तेल आणि साबण एकजीव होऊन पिवळट मलम झालं की मग कोमट पाणी थेंब थेंब, हळदीकुंकवाच्या दिवशी मसाला दुधात केशर घालावं तसं. एका क्षणी ते मलम फुटल्यासारखं वाटतं, तिथं घाई करायची नाही, फेटत राहायचं. आणि मग अचानक सगळं दुधासारखं पांढरं होतं. तेच ते पांढरं, तिसरं. पाच मिनिटं तसंच ठेवून वर तेलाचा तवंग आला नाही तर जमलं. आला तर पुन्हा. तयार केलेलं त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवलं की तेल परत आपलं वेगळं घर करतं. कडुनिंबाचा वास हातावरून दोन दिवस जात नाही. लसूण, जुनं तूप आणि ओली माती एकत्र केल्यासारखा. मला तो आता वाईट वाटत नाही. घरच्यांना वाटतो.

मी त्याला विचारलं, हे सगळं कडूपणामुळे होतं का? म्हणजे कडुनिंब कडू, म्हणून बुरशी मरते, असंच मी धरून चालले होते. तो हसला. कडुनिंबातलं ते प्रसिद्ध कडू द्रव्य, अझाडिरॅक्टिन, किडींवर काम करतं. निंबोळ्या भिजवून आपण जो पाच टक्क्यांचा अर्क करतो, पाच किलो निंबोळ्यांची पूड रात्रभर भिजवून शंभर लिटर करायची, ती सगळी मेहनत किडींसाठी. भुरीपुरतं बोलायचं तर मुख्य काम तेलाचं. तेलाचा थर मण्यांवर बसतो, त्यांना रुजू देत नाही, आणि ते काचेचं गवत कोलमडतं. सूर्यफूल, सोयाबीन, मका, असली स्वयंपाकाची तेलंही भुरीवर चालतात. हे ऐकून घरचे खुशीत आले. ‘मग फल्लीच्या तेलाची फोडणीच देऊ वेलाला, मोहरी-हिंगासकट.’ मला मात्र थोडं हिरमुसल्यासारखं झालं. मी कडुनिंबावर, म्हणजे अंगणातल्या झाडावर, गुढीपाडव्याच्या कडू पानांवर, एक मोठी श्रद्धा घेऊन बसले होते, आणि हा पोरगा सांगत होता की सरकीचंही चालेल.

कडुनिंबाबद्दलच्या या श्रद्धेची एक कोर्टकचेरीही झालेली आहे. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी, यांना कडुनिंबाच्या तेलानं झाडांवरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचं पेटंट देऊन टाकलं. म्हणजे मी गच्चीवर वाटीत जे फेटते तेच, थोडक्यात. वंदना शिवा आणि इतरांनी त्याला हरकत घेतली. २००० साली ते पेटंट रद्द झालं, त्यावर अपील झालं, आणि २००५ साली तेही फेटाळलं गेलं. तेव्हाच्या बातम्यांत आपण जिंकलो असाच सूर होता आणि माझीही छाती फुगली होती. पण त्या लढाईत जे निर्णायक ठरलं त्यात महाराष्ट्रातल्या शेतांवर १९८५ आणि १९८६ साली घेतलेल्या चाचण्यांचा पुरावा होता. कोणीतरी तेल मोजून, पाण्यात कालवून, वाफ्यावर मारून पाहिलेलं होतं आणि तसं सांगायला उभं राहिलं. ‘आमच्या आजीला सगळं ठाऊक होतं’ एवढं म्हणून भागलं नाही. माझ्या आजीला तर ठाऊकही नव्हतं, हे मी वर सांगितलंच आहे. हे लिहिताना मला तिच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतंय. पण ती स्वतः फार खरं बोलणारी बाई होती.

आणि आपल्या काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या झाडांना बुडाशी जो निळसर रंग लावतात ना, लहानपणी मला वाटायचं झाडांनी मोजे घातलेत, तो बोर्डो मलमही असाच भलत्या वाटेनं आलेला आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला द्राक्षवाले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. रोगासाठी नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, निळंहिरवं विषारी दिसावं म्हणून. मिलार्दे नावाच्या एका प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्याच वेली केवडा नावाच्या रोगातून वाचल्यात. १८८५ साली त्यानं ते छापलं. माझ्या मामाला हे मी सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘म्हणजे चोर नसते तं झाडं मेली असती.’ एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी; मामाला हे प्रमाण पाढ्यासारखं पाठ. पण चोर मात्र त्या निळ्या मोज्यांना कधी भ्यायले नाहीत.

तर आता माझं बरं चाललंय. खालची, पांढरी झालेली पानं मी आधी खुडून टाकते. फार पसरलेली भुरी तेलानं जात नाही, पान पुन्हा हिरवं होत नाही, फक्त पुढचं थांबतं. दर आठ दिवसांनी वाटी, बोट, रिठा. पानाच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून, कारण तेल उडत नाही की आत शिरून फिरत नाही; जिथं पडलं तिथंच राखण करतं. मिरचीवर मात्र त्याचं फारसं चालत नाही. मिरचीची भुरी पानाच्या आत शिरून राहते, वरून पान नुसतं पिवळं, उलटं केलं तर पांढरं, आणि एक दिवस झाड निम्मं उघडं. माझी दोन झाडं गेली तेव्हा मला भिवापूरकडचे मिरचीवाले आठवले, ज्यांचं सगळं वर्ष त्या पानांवर टांगलेलं असतं. आणि केवडा आला, शिरांच्या मधे चौकोनी पिवळे डाग, तर तेलाची बाटली उघडायचीही नाही. तो दुसऱ्याच कुळातला.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. ऊन उतरल्यावर मारायचं, हे बरोबर. पण लवकीची पांढरी फुलं नेमकी संध्याकाळी उमलतात, दोडक्याची पिवळीही. दिवेलागणीला पतंग येतात, आणि मी तिथं तेलाचा फवारा घेऊन उभी. सकाळी मारावं तर कोहळ्याची फुलं पहाटेच उघडलेली असतात आणि मधमाश्या माझ्या आधी हजर. शेवटी मी एक उपाय काढला. डाव्या हातात स्टीलची वाटी. फूल दिसलं की त्यावर वाटी झाकायची, उजव्या हातानं भोवतीच्या पानांवर फवारायचं, वाटी उचलायची, पुढचं फूल. शेजारच्या गच्चीवरून काकू पाहत होत्या. त्यांना वाटलं मी फुलांची पूजा करते आहे. मीही तसंच राहू दिलं.

हे सगळं मला मावशीला सांगायचं होतं. का, ते नीट कळत नाही. तिला शिकवायचं होतं, असं म्हटलं तर ते खरं आहे आणि शरमेचंही आहे. बाजाराच्या वाटेवर मी मनात हिशेब केला. एकरभर वाटाण्याला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे पाठीवरचे पंधरा-सोळा लिटरचे पंप दहा-बारा वेळा भरायचे. प्रत्येक पंपाला तेल आधी फेटून घ्यायचं, दर आठ दिवसांनी, ऊन उतरल्यापासून अंधार पडायच्या आत, वाटाण्याच्या त्या गुंतलेल्या जाळीत प्रत्येक पानाच्या खालून. माझ्याकडे बारा ड्रम आणि एक रिकामी संध्याकाळ आहे. तिच्याकडे पीक आहे, आणि बाजाराचा वार ठरलेला आहे. तेल काम करतं, यात मला आता शंका नाही. पण ते ज्याला रोज पान उलटं करून बघायला सवड आहे त्याच्या बाजूनं काम करतं. भुरी पहिल्या चार ठिपक्यांवर असताना पकडली तर तेल पुरतं. वीस ठिपक्यांवर गेली तर नाही. तिला पहिले चार ठिपके दिसले तरी त्या दिवशी सारा मजूर कपाशीच्या फरदडीवर, म्हणजे उशिरापर्यंत ठेवलेल्या पिकावर, गेलेला असतो.

म्हणून मी काही शिकवलं नाही. करंजाच्या तेलाची छोटी बाटली मात्र थैलीत होती, घरी दोन आणल्या होत्या. मार्च लागला होता, वाटाणा संपला होता, ती मेथी आणि गड्डीचा कांदा घेऊन बसली होती. बाटली तिच्या हातात दिली. तिनं झाकण काढून वास घेतला आणि भुवया वर गेल्या. ‘करंजाचं होय? हे तं बैलाच्या खांद्याले लावते.’ मी म्हटलं, वेलालाही लागतं, भुरीला. साबणात फेटून. ती थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘वावरात नाही होत हे, ताई. पण घरी न्हाणीवर लवकी चढवली हाय, घरच्या खाण्यापुरती. तिले लावून पाहीन.’ तिला आजवर काय लावत होतीस, मी विचारलं.

‘राख,’ ती म्हणाली.

बाटली तिनं तराजूच्या मागं, पैशाच्या डब्याशेजारी ठेवली. मेथीच्या दोन जुड्या माझ्या थैलीत टाकल्या आणि वर सांबाराच्या चार काड्या. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी तीच म्हणाली, ‘घेऊन जा बिनघोर. मेथीले काईच नाही मारलं.’ मी मान डोलावली. आणि माझ्याही नकळत माझा हात थैलीत गेला, एक पान निघालं, मी ते उलटं करून उजेडात धरलं.

‘पाहून घ्या, ताई,’ मावशी खो खो हसत म्हणाली, ‘खालून पण पाहून घ्या.’